जावयानं सोडलेला कॅच

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या माहेरच्या टीमला एक गडी कमी पडला, म्हणून माझ्या नवऱ्याला खेळायला घेतलं. माहेर सास्तूरजवळ. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं आणि जुन्या गावठाणाचं मैदान झालं. किपर माझे वडील. पंचेचाळिशी गाठली तरी ग्लोव्हज कुणाला द्यायचे नाहीत. समोर नळदुर्गकडची टीम, फायनल, शेवटचा चेंडू, आणि त्यांना दोन धावा हव्या होत्या.

चेंडू उंच उडाला. एकीकडून नवरा धावला, स्टंपामागून वडील. अशा वेळी 'सोडा, माझा' असं एकानं ओरडायचं असतं. पण सासऱ्याला 'सोडा' म्हणायचं कसं, आणि जावयाच्या पुढ्यातलं ओढून घ्यायचं कसं? दोघंही थांबले. चेंडू मधोमध पडला आणि नळदुर्गवाल्यांनी दोन धावा पळून काढल्या.

जावयानं कॅच सोडला, हे संध्याकाळपर्यंत गावात ठरून गेलं. ज्या बहाद्दरानं त्याच षटकात वाइडवर वाइड टाकले, तोच पारावर सगळ्यात मोठ्यानं हसायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी! मोतीबिंदूमुळं ज्याला ताटातली भाकरी दिसत नाही तो म्हातारा सांगायचा, जावयाच्या हातातून निसटला, म्या बघितलं की. अहो, हात लागला असता तर ना! त्या दिवशी चांगलं कोण खेळलं ते आता कुणाला आठवत नाही, कॅच मात्र दर वर्षी आणखी सोपा होत गेला.

नवऱ्यानं माझ्या माहेरी यायचं सोडलं. भांडण नाही, रुसवा नाही, फक्त दर वेळी शेतात काहीतरी काम निघायचं. मी एकटी एसटीनं जायचे आणि पारावरून 'पावणं आलं न्हायत व्हय?' हे ऐकत घर गाठायचे. नवऱ्यापेक्षा वडिलांचा राग यायचा. त्यांना सगळं माहीत होतं आणि ते गप्प होते.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवू घालून वाण देतात. यंदा मी वडिलांना फोनवर सरळच सांगितलं, ते येणार नसतील तर मीही येत नाही. वडील नुसतं 'बघतो' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच बोलावणं घेऊन दारात आले. मग नवऱ्याला नाही म्हणता येईना. गावात पोचल्यावर वडील घरी न जाता आम्हाला घेऊन पारापाशी थांबले. म्हाताऱ्यानं विषय काढलाच.

"त्यो कॅच माझा व्हता," वडील म्हणाले. "जावयाचा मान म्हणून म्या थांबलो. आन् इतकी वर्सं ह्यांच्यावर ढकलून गप बसलो."

नवरा खाली बघत म्हणाला, "मी बी थांबलोच की, मामा."

ते कुणी ऐकलं नाही. आता गावात म्हणतात, सासऱ्यानं कॅच सोडला. सासऱ्याच्या ग्लोव्हजमधून चेंडू निसटताना आपण बघितल्याचं म्हातारा शपथेवर सांगतो. वडील 'व्हय' म्हणतात आणि जावयासाठी चहा सांगतात.