भाकरीची पावलं

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही; देवाजवळ काही बोलायची मला सवय नाही, त्यामुळे तिथेही नाही. एकदोनदा बोलायला तोंड उघडलं – आणि चहा ठेवू का, असं विचारून मिटलं.

मी नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर बसते. मोबाइल, इअरबड्स, मनगटावरची स्मार्ट घड्याळं. वस्तू घेतानाचा माणसाचा चेहरा दुकानदाराला दिसतो. तीच वस्तू रुसल्यावरचा चेहरा माझ्या वाट्याला येतो. एक गृहस्थ आले होते. रात्री झोप छान लागते, म्हणाले, पण सकाळी घड्याळ सांगतं की झोप नीट झालेली नाही, आणि ते वाचल्यापासून दिवसभर थकल्यासारखं वाटतं – दुरुस्त करून द्या. काय दुरुस्त करायचं? कोणाचं? नव्या मॉडेलसाठी भल्या सकाळी रांग लावणारी माणसं पुढच्या दिवाळीला तेच मॉडेल खोक्यासकट विकायला काढतात, आणि तेव्हाही चेहऱ्यावर तोच भक्तिभाव असतो.

हे सगळं मी घरी रंगवून सांगायची. लोक हसायचे. मला वाटायचं, मी या वेडाच्या बाहेर उभी आहे. तशी मी वाचणारी बाई; आजूबाजूच्या थाटामाटाला नावं ठेवणं हा माझा फावल्या वेळातला छंद. पण परवडलं असतं तर त्यातलं एखादं घड्याळ मी घेतलं नसतं का? – घेतलं असतं. आणि बाही जरा वर सरकवूनच वावरले असते.

रेखाताई म्हणजे माझी मोठी जाऊ. दिंडोरीजवळ त्यांची द्राक्षबाग आहे. सासूबाई – आम्ही दोघी त्यांना आईच म्हणतो – त्यांच्याकडे राहतात. बाजारात जे नवं येईल ते रेखाताईंच्या घरी आठवडाभरात येतं. आधी एअर फ्रायर आला. मग फरशी पुसणारा रोबो आला. तो देव्हाऱ्याखाली अडकून पडायचा आणि आई त्याला ‘ये रे बाबा, ये’ म्हणून बाहेर बोलवायच्या. मी हसायची, पण त्या हसण्यात दात जरा जास्तच दिसत असावेत.

कारण माझ्याकडे द्यायला वस्तू नव्हत्या. माझ्याकडे होता अर्थ. लाइटबिलावर काय लिहिलंय, ही गोळी कशाची, बँकेचा मेसेज खरा की खोटा – आईंचं काहीही अडलं की त्या म्हणायच्या, ‘स्मिताला फोन लावा.’ ती माझी जागा होती. जाऊ द्राक्षं पाठवायची, मी अर्थ सांगायची. बरं चाललं होतं आमचं.

मग पाडव्याला रेखाताईंनी आईंना स्मार्ट घड्याळ दिलं.

आई वेड्या झाल्या त्या घड्याळापायी. बागेत चालायच्या, पावलं बघायच्या, येईल त्याला मनगट दाखवायच्या. आम्ही शनिवारी गेलो की आधी घड्याळ, मग पाणी. ‘हे बघ, सकाळपासून घरातच हाय मी, तरी एवढी चालले.’ मी नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं – त्या भाकऱ्या थापत होत्या. हात हलतोय, ठेका आहे, घड्याळाला वाटतंय बाई चालतेय. मजुरांच्या भाकऱ्या असल्या की आई चुलीसमोर बसल्या जागी कोसभर जाऊन यायच्या. मी हे सगळ्यांना सांगितलं. सगळे पोट धरून हसले, आईसुद्धा. मग हसता हसता त्या म्हणाल्या, ‘आसंना का. रेखीचं घड्याळ कायतरी सांगतं तरी. तुझी पुस्तकं काय सांगत्यात मला?’

गंमत होती. मलाही ते कळत होतं. पण तुम्हाला कधी असं झालंय का – गंमत कळतेय आणि तरीही ती आत कुठेतरी जाऊन बसते?

त्याच दुपारी आई ओसरीवर टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर. घड्याळ थरथरलं. त्यांनी मनगट माझ्यापुढे धरलं. ‘इंग्रजीत कायतरी म्हणतंय. बघ गं.’

मी बघितलं. हृदयाचे ठोके अनियमित आढळले आहेत, डॉक्टरांना दाखवा, असं लिहिलेलं होतं.

इथे मला सावकाश सांगू द्या, कारण इथूनच मी आजवर पळत आलेय. ही सूचना पावलांसारखी नसते. माणूस शांत बसलेला असतानाच घड्याळ ती तपासणी करतं, आणि ठोके पुन्हा पुन्हा चुकले तरच बोलतं. आम्हाला कामावर घेतल्यावर जे शिकवलं त्यात हे ठळकपणे होतं – या सूचनेबद्दल गिऱ्हाइकाने विचारलं तर ‘चुकून आली असेल’ असं कधीही म्हणायचं नाही. डॉक्टरांकडे जा, एवढंच सांगायचं. काउंटरवर मी अनोळखी माणसांना तसंच सांगत आले आहे. एकदाही चुकले नाही.

त्या दिवशी मात्र माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच आलं. पुढची कितीतरी वर्षं, प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला आई सांगणार – रेखीनं घड्याळ दिलं म्हणून मी वाचले. रेखाताई मान खाली घालून लाजणार. आणि मी? मी पंगतीत बसून वाढलेलं जेवणार. ही गोष्ट अजून घडलीही नव्हती, आणि मला ती सहन होत नव्हती.

मी म्हणाले, ‘काही नाही, आई. भाकरी थापण्याला घड्याळ चालणं समजतं ना, तसलंच हे. मनावर घेऊ नका.’

आणि त्यांच्या फोनमध्ये जाऊन मी ती सूचना बंद करून टाकली. पुन्हा कुणी वाचू नये म्हणून. आई म्हणाल्या, ‘बरं झालं, तू होतीस.’

द्राक्षांचा तोडा सुरू झाला त्या सुमाराला आईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. आता त्या बोलतात, पण शब्द भलतेच येतात. पाणी हवं असेल तर खिडकी म्हणतात, आणि आपल्याला कळलं नाही की रडतात. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘ठोके चुकले की हृदयात रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत जाते. ठोके चुकतायत असं आधी कधी लक्षात आलं होतं का? वेळेवर गोळ्या सुरू झाल्या असत्या तर बहुधा हे टळलं असतं.’ आम्ही सगळे तिथे उभे होतो. मी डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेनांकडे बघत राहिले.

मोठे दीर बाहेर येऊन बायकोवर घसरले. ‘एवढं महागाचं घड्याळ आणलंस, काय उपयोग झाला? ऐन वेळेला मुकंच ना?’ चार नातेवाइकांसमोर. घड्याळ मुकं नव्हतं, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

नंतर जिन्याजवळ त्या माझ्याकडे आल्या. ‘तुझं तर रोजचं काम आहे. घड्याळात यायला पाहिजे होतं ना गं काहीतरी?’

मी म्हणाले, ‘ताई, शेवटी मशीनच ते.’

त्यांनी पदराने डोळे पुसले. ‘तू पहिल्यापासून सांगत होतीस, या वस्तूंच्या नादी लागू नका म्हणून. तुझंच ऐकायला हवं होतं.’

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले. आई आत पडल्या होत्या, समोर ही बाई माझी चूक स्वतःच्या अंगावर घेऊन रडत होती – आणि मला बरं वाटत होतं.