उपकारस्तुतीची बाजरी

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी ख्रिस्ती घरे एकाच वस्तीत होती. बाजरी निघाली की दिवाळीच्या आगेमागे एका रविवारी चर्चमध्ये उपकारस्तुती होई. नियम जुना होता. शेतातले पहिले पीक देवाच्या मेजावर ठेवायचे, मगच घरात खायचे. विकतचे धान्य मेजावर चालत नसे. उपासना संपली की मेजावरच्या वस्तूंचा लिलाव होई.

बहात्तर साली मृगात पेरण्याजोगा पाऊस झाला नाही. काहींनी कोरड्यात पेरून पाहिले, ते बी मातीत गेले. बाकीच्यांचे पोटात गेले. दिवाळीपर्यंत जवळजवळ सगळी वस्ती तलावाच्या दुष्काळी कामावर माती वाहत होती आणि चुलीवर रेशनचा लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, शिजत होता. वडील गावच्या शाळेत शिक्षक असल्याने आमच्याकडे एक मडके शिल्लक राहिले होते. गेल्या हंगामातली निवडक बाजरी आईने राखेत कालवून, तोंड शेणामातीने लिंपून ठेवली होती. मधूनमधून ती लिंपण फोडून बी उन्हात पसरायची आणि पुन्हा भरायची. वस्तीत दुसरीकडे कुठे बी उरले नव्हते.

पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, कधीतरी येत. एरवी उपासना वडीलच चालवत. मंडळीच्या पंचांचे म्हणणे होते की यंदा उपकारस्तुती नको. वडिलांनी ऐकले नाही. बायबलात जलप्रलय ओसरल्यावर देवाने वचन दिले होते की पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी थांबणार नाही. उपकारस्तुतीला ते दरवर्षी त्यावरच बोलत. शनिवारी संध्याकाळी ते आईला म्हणाले, "मडकं उद्या मेजावर ठेवू."

आई भाकरी थापत होती. "आन् मिरगाला काय पेरायचं? तुमचं भाषन?"

"देव देईल. त्यानं वचन दिलंय."

"पेरनी थांबनार न्हाई, आसंच म्हनलाय ना त्यो? मग पेरायला बी नगं का? भरवसा हाय म्हनून तर राखलंय. न्हाईतर कवाच रांदलं आसतं."

"भरवसा असेल तर हातातलं सोडता यायला पाहिजे."

"तुमाला काय, सोडाया. पगार हाय."

 सकाळी मडके वडिलांनी स्वतः उचलून नेले. आई उशिरा आली आणि बायकांच्या बाजूला सगळ्यात मागे बसली.

मेजावर त्या मडक्याखेरीज एक कोंबडी आणि थोडी अंडी होती. लिलाव वस्तीतले सर्वांत वयस्कर पंच करत. "घ्या मंडळी, कोंबडी! अंडी देती, उलटून बोलत न्हाई. हिच्यावानी घरात दुसरं कोन हाय?" मागून त्यांची बायको ओरडली, "मग तिच्याच हातची भाकर खा आज!" लोक हसले. त्या हंगामात हसण्याचा तेवढाच प्रसंग मला आठवतो. मग पंचांनी मडक्यावर हात ठेवला. "बाजरी. मास्तरीनबाईनं राखल्याली."

कोणी बोली लावली नाही. ते बी आहे हे सगळ्यांना माहीत होते. घरी नेले तर भुकेपायी ते दळावे लागले असते, आणि बी दळायला कोणी धजत नव्हते.

"मास्तर, घेऊन जावा माघारी," पंच हळू आवाजात म्हणाले.

"देवाला दिलेलं घरी न्यायचं नसतं."

मडके चर्चच्या कपाटात गेले. कपाटाला कुलूप लागले. उन्हाळ्यात आईने विचारले, "निदान उनात तरी घालू द्या." वडिलांनी नको म्हटले. दिलेल्या वस्तूला आता आपला हात लागू नये, असे त्यांचे म्हणणे. पंचांनाही ते पटले. आईने पुन्हा एकदा विचारले, मग सोडून दिले.

पुढच्या जूनमध्ये पाऊस वेळेवर आला. बी कोणाकडेच नव्हते. मंडळीने ठरवले की मडक्यातली बाजरी घरटी मूठभर वाटायची. चर्चच्या पायऱ्यांवर बायका पदर पसरून उभ्या राहिल्या. वडिलांनी लिंपण फोडले, हात आत घातला आणि मूठ बाहेर काढली. मुठीत पीठ होते. पोकळ दाणे, भुसा आणि त्यातून वर येणारे किडे. त्यांनी पुन्हा खोलवर हात घातला. तेच निघाले. ते खाली बसून अखंड दाणे वेचू लागले. बराच वेळ वेचत होते. तळहातही भरला नाही.

"आसू द्या मास्तर," पंच म्हणाले. "पाऊस तर आला. देवानं शब्द पाळला."

"त्यानं पाळला की," आई म्हणाली. "त्यानं त्याचं केलं." तिने पदर झटकून खांद्यावर घेतला आणि ती घराकडे निघाली.

तालुक्याहून सरकारी बी मिळेपर्यंत वाफसा मोडून जमिनीतली पेरणीजोगी ओल उडत आली होती. पेरणी उशिरा झाली आणि पीक बेताचे आले. ज्यांना तेही बी मिळाले नाही, त्यांची शेते त्या हंगामात पडून राहिली. मडक्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. तो निघू नये म्हणून दोघेही जपत, हे आम्हा भावंडांनाही कळत होते.

त्या सालच्या उपकारस्तुतीच्या आदल्या दिवशी वडील मेजावर ठेवायची कणसे न्यायला टोपली घेऊन खळ्यावर आले. आई आधीच तिथे होती. भरदार कणसे निवडून ती स्वतःच्या ओच्यात टाकत होती. पहिले ते देवाचे, हा नियम तिला ठाऊक होता. तिने वर पाहिले नाही. वडील टोपली धरून उभे राहिले आणि तिचे बी निवडून होईपर्यंत थांबले.