फडक्याखालचा भाव

समोरच्या वकिलांनी पुन्हा विचारलं, "आकडा काय होता?" साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या नानांनी पुन्हा तेच सांगितलं, "भाव जुळला नव्हता."

म्हसाच्या जत्रेत बैलांचा भाव तोंडाने ठरत नाही. दलाल फडक्याखाली दोघांचे हात धरतो, बोटं दाबून आकडे पोचवतो. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. नाना तिथले जुने दलाल.

माझा अशील वैशाखरे गावचा गणपत. त्याची बैलजोडी बघणाऱ्या व्यापाऱ्याचा दावा होता, सौदा पक्का झालाय, जोडी द्या. गणपत म्हणे, भाव जुळलाच नाही, म्हणून बैल घरी आणले. खरं काय ते नानांच्या बोटांना ठाऊक. "जुळला नव्हता" यापुढे ते जाईनात. जजसाहेब म्हणाले, आकड्याशिवाय या साक्षीला वजन नाही.

लंच ब्रेकमध्ये मी नानांना व्हरांड्यात गाठलं.

"वकीलसाहेब, फडक्याखालचं चारचौघांत बोलायचं नाय. उद्या माझ्या हातात हात कोण देल?"

मी तरुण होतो आणि केस हातातून निसटत होती. मी म्हटलं, "नाना, तुम्ही गप्प राहिलात तर गणपतची जोडी गेली. नांगर तुम्ही ओढणार का?"

हे बोलायला नको होतं. एवढ्या वयाच्या माणसाला तर नाहीच.

दुपारी नानांनी दोन्ही आकडे सांगितले, गणपतचा आणि व्यापाऱ्याचा. मागे बाकावर जत्रेतले निम्मे व्यापारी बसलेले होते. आकडे जुळत नव्हते. पुढे दावा फेटाळला गेला, बैल गणपतच्या गोठ्यात राहिले आणि मी बार रूममध्ये पेढे वाटले. पेढा खाताना माझे सिनियर सहज म्हणाले, "अरे, आकडे जजसाहेबांच्या चेंबरमध्ये, बंद दाराआड सांगू द्या म्हणून अर्ज का नाही केलास? साहेबांनी नक्की ऐकलं असतं." मला ते सुचलंच नव्हतं. हातातला पेढा मी परत पुड्यात ठेवला.

पुढच्या जत्रेत मी घरासाठी गाय बघायला गेलो. नाना एका बाजूला बसले होते, फडकं खांद्यावर. मी म्हटलं, सौदा तुम्हीच करा. ते उठले. गायवाल्याने त्यांच्याकडे न बघता मला सांगितलं, "दुसरा कोण आणा. नाना नको."

मान वर करायची माझी हिंमत होईना. नानाच जाऊन दुसरा दलाल घेऊन आले. जाताना विचारलं, "गणपतची जोडी बरी हाय ना?"

निकाल लागला की वकील पुढची केस घेतो. साक्षीदाराला मात्र त्याच बाजारात परत जाऊन बसायचं असतं. तेव्हापासून कुणालाही पिंजऱ्यात उभं करण्याआधी मी विचारतो, तुमचा बाजार कुठला?