पेंढ्यावरची द्राक्षं

पौडहून मुळशीकडे जाणाऱ्या एसटीत एक म्हातारा माझ्या शेजारी बसला होता. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याच्या मांडीवर टोपली होती, टोपलीत भाताचा पेंढा आणि पेंढ्यावर हिरवी द्राक्षं. गाडी आदळली की तो दोन्ही हातांनी टोपली वर उचलून धरायचा.

“पुण्यातनं आणली. मंडळी आजारी हाय,” तो म्हणाला.

पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सात जखमी झाला होता. त्याला ठेवलं होतं त्या डोंगरी गावात द्राक्षं पेंढ्यावर पसरून थंडीभर सुकवत आणि मग त्यांची मधासारखी दारू करत.

“लई थोडी निघायची. बाळंतिणीला, आजाऱ्याला घोटभर द्यायचे. मलाबी दिली, म्हणून उठलो. हिला किती येळा सांगितलं आसंल! जन्मात काय मागितलं न्हाई तिनं. काल म्हनली, ती द्राक्षं दावा की मला.”

त्याच्या गावाच्या फाट्यावर पुतण्या उभा होता. खिडकीशी येऊन तो म्हणाला, “तात्या, काकी सकाळीच गेली.”

म्हातारा तसाच उठला. लोक त्याला धरायला पुढे झाले, तशी त्याने टोपली छातीशी घेतली.

“हळू,” तो म्हणाला, “चेंगरतील.”