हात नसलेला व्हायोलिनवाला

कवळीवाल्यांनी उभा जन्म लोकांच्या तोंडात खोटे दात बसवण्यात घालवला. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे आणि हे मागच्या खोलीत बसून अशी कवळी घडवायचे, की घालणाऱ्याच्या बायकोलाही पत्ता लागू नये. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. यांनी दात कोरूनच पोट भरलं, मुलाला शिकवलं आणि उरलंसुरलं विलायती बाहुल्यांवर उधळलं.

बाहुल्या म्हणजे चिनी मातीच्या, युरोपात घडलेल्या, शंभर-दीडशे वर्षांच्या. मेंढ्या राखणारी पोरगी, पांढऱ्या केसांच्या टोपातला सरदार, पंखा घेतलेली बाई. पण कवळीवाल्यांची तऱ्हाच निराळी. जुन्या सामानाचा दुकानदार कौतुकानं म्हणायचा, "ही बघा साहेब, साधा चरासुद्धा नाही," की हे पुढच्या फळीकडे वळलेच. यांना तुटकीच बाहुली लागे. मेंढ्यांना कान नव्हते, सरदाराला नाक नव्हतं आणि सगळ्यांत लाडक्या व्हायोलिनवाल्याचा उजवा हात मनगटापासून गायब होता.

"अहो, गावाचे दात बसवता, त्या बिचाऱ्याला एक हात बसवा की," बायको म्हणायची.

"अगं, दिवसभर खोट्याचं खरं करतो ते पोटासाठी. घरी तरी गेलेलं गेलं म्हणू दे."

"मग उद्यापासून कवळी न घालता जेवा."

यावर कवळीवाले ताटाकडे वळत. वरच्या दातांची पंगत त्यांचीही घरीच घडवलेली होती.

पुढे मुलानं नवं घर घेतलं. हॉलमध्ये काचेचं कपाट, आत दिवे. कवळीवाल्यांचा जीव त्या कपाटावर जडला. इतकी वर्षं बाहुल्या झोपायच्या खोलीत, कपड्यांच्या कपाटावर, चोरून आणल्यासारख्या दाटीवाटीनं राहिल्या होत्या. एकदा तरी त्यांना दर्शनी जागा मिळावी, एवढंच त्यांना हवं होतं.

"धड असतील त्या हॉलमध्ये ठेवू, बाबा. तुटक्या माळ्यावर."

"धड एकही नाही."

"बघतो मी काहीतरी," मुलगा म्हणाला. आणि त्यानं खरंच बघितलं, हीच तर पंचाईत.

गुडघ्याच्या उपचारासाठी कवळीवाले दवाखान्यात राहून परतले, तेव्हा कपाटात व्हायोलिनवाला एकटाच उभा होता. हातासकट! सुनेनं दिवा लावला. सगळे यांच्या तोंडाकडे बघू लागले.

कवळीवाल्यांनी त्याला पायाखालच्या बैठकीला धरून उचललं आणि मनगट ओठाला लावलं. चिनी माती ओठाला गार लागते. हा हात कोमट होता, चिनी मातीचा नव्हेच.

"ओळखू येतं का हो, बाबा?" मुलानं विचारलं.

"डोळ्यांना नाही. काम झकास आहे. मीही असंच केलं असतं." मग सुनेकडे वळून म्हणाले, "सूनबाई, नखांचा रंग काढायची ती बाटली आण बरं."

"बाबा! तुमच्यासाठी केलं मी हे. आणि संध्याकाळी आमचे साहेब यायचेत जोडीनं. हात दाखवून अवलक्षण कशाला?" मुलगा म्हणाला.

"हात तू दाखवलास. याला तर नव्हताच."

"मग सगळ्या माळ्यावर जातील. सांगून ठेवतो."

"शिडी आण. माझी गादीपण चढव त्यांच्यामागं."

"माझी नको हं," बायको म्हणाली. "मी खालीच बरी, पंख्याखाली."

मुलानं शिडी काही आणली नाही. कवळीवाल्यांनी भिजवलेला कापूस मनगटाला गुंडाळला आणि मांडी हलवत वाट बघत बसले. हात सुटला, तसा तो मुलाच्या तळव्यावर ठेवला. "घे. तुझा आहे. चांगला झालाय, टाकू नकोस."

मग आतून एकेक बाहुली आणून त्यांनी कपाट भरायला घेतलं. मेंढ्या, पोरगी, सरदार. प्रत्येकाची तुटकी बाजू काचेकडे. मुलगा दोनदा "बाबा" म्हणाला. तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात घंटा वाजली.

साहेबांच्या बायकोची नजर आल्या आल्या कपाटाकडेच गेली. "अय्या, याचा हात कुठाय?"

मुलगा चपळाईनं कपाटासमोर येऊन उभा राहिला. "ते आम्ही दुरुस्तीला..."

"गेला," कवळीवाले खुर्चीतून म्हणाले. "माझ्याकडे आला तेव्हाच नव्हता. बसवायचाही नाही. आणि तू बाजूला हो रे, उजेड अडतोय. नीट बघू दे त्यांना."