शेजारणीकडची किल्ली

नव्वदच्या दशकात बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये माझ्या शेजारी डाळजहून येणारी एक बाई बसायची. नाव विचारायचं राहूनच गेलं. ती आधी पदरानं की-बोर्ड पुसायची आणि मग पासवर्ड मोठ्यानं म्हणत एका बोटानं टाइप करायची. सरांनी हटकलं, तर म्हणाली, "रानात जाताना घराची किल्ली शेजारणीकडं ठिवतो की आमी. त्यात काय हाय लपवायचं?"

एका सोमवारी तिचं महिन्याभराचं काम कुणीतरी पुसून टाकलेलं निघालं. सर भडकले. "नवा पासवर्ड टाका, आणि कुणालाही सांगू नका!"

तिनं डोळे पुसले, गुपचूप नवा पासवर्ड टाकला आणि माझ्याकडे वाकून तो हळूच सांगितला. "ताई, ध्यानात ठिवा. हितं तुमीच माज्या शेजारीण."

पुसणारी मीही असू शकले असते. तिला एवढा भरवसा कुठून आला, ते मला अजून कळलेलं नाही.