आईच्या उजव्या खांद्यावरचा वळ

आमचं बौद्ध घर. अंगात येणं, बाहेरची बाधा असल्या गोष्टींना आमच्याकडे थारा नाही. त्यात माझी नोकरी इकडे हिंदी मुलखात, डिफेन्स फॅक्टरीच्या तपासणी विभागात... मापाचं गेज लावून पाहिल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. म्हणून हे आजवर कोणालाच पुरतं सांगितलं नाही. बायकोलाही अर्धंच माहीत आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आई रांझीच्या घरी बाथरूममध्ये पडली. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. राइट टाउन भागातल्या एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं, ठीक झालं. त्यानंतर दुसऱ्याच संध्याकाळी माझा धाकटा भाऊ प्रमोद गेला. सिहोऱ्याला शाळेत मास्तर होता, मोटारसायकलवर परत येत होता. ट्रकने उडवलं.

आजारी माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, ही आमच्या घरची जुनी रीत. आईला संशय येऊ नये म्हणून कोणीतरी तिच्याजवळ थांबायला हवं होतं. मी म्हणालो, मी थांबतो. सगळ्यांना वाटलं, मोठ्या मुलाने केवढं मन घट्ट केलं! खरं आज लिहितो — मला प्रमोदचा चेहरा पाहायची हिंमत नव्हती. आईच्या दुखण्याचं मला आयतं कारण मिळालं.

सकाळी तिकडे त्याला घाटावर नेत होते आणि इकडे मी आईला चमच्याने चहा पाजत होतो. ती एकदम कण्हली. मला वाटलं, खुबा. पण तिने उजवा खांदा धरला होता.

सिस्टर आली. "अम्मा, कहाँ दर्द है? कितना है?"

आई म्हणाली, "है बहुत. पर मेरा नहीं है, बेटी."

सिस्टर हसली, म्हणाली, अम्माला अजून औषधाची गुंगी आहे. पण गाऊन बाजूला केला तर खांद्यावर आडवा, लालभडक वळ. बांबूएवढा रुंद, कडेला साल निघालेली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनच्या टेबलावर पट्टा काचला असेल. असेलही. पण आदल्या रात्री मीच तिचं अंग पुसलं होतं. खांदा स्वच्छ होता.

त्यानंतर खुबा सुधारत गेला, खांदा मात्र नाही. इंजेक्शनने गुण नाही, शेकून नाही, एक्स-रेत काही नाही. प्रमोद ट्रेनिंगला भोपाळला गेलाय, असं मी सांगितलं होतं. तिने पुन्हा विचारलंच नाही... एकदा तर मी चिडून तिला म्हणालो, "आई, रिपोर्ट नॉर्मल आहेत, उगाच काहून कण्हतेस?"  हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

टाके काढून घरी आणल्यावर एका दुपारी मी तिच्या खांद्याला मलम लावत होतो. हाताखालचा तो वळ तसाच गरम. माझ्याने राहवलं नाही. सांगून टाकलं.

ती रडली नाही.  विचारलं, "कोणत्या कपड्यात नेलं त्याले?"

मी मलम चोळत राहिलो.

"तू नाही गेला?"

"तुझ्याजवळ होतो, आई."

तिने माझा हात खांद्यावरून काढला. रागाने नाही, हळूच. "म्हणून एवढं जड झालं मले," म्हणाली, आणि मग रडली.

त्या रात्रीपासून खांदा दुखायचा थांबला. आठवडाभरात वळ पिवळा पडून गेला. खुबा शेवटपर्यंत दुखला, पण त्याचं तिने कधी काही मानलं नाही. ते हाडाचं दुखणं आहे, म्हणायची.

प्रमोदच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम आईला कळल्यानंतरच ठेवला होता. जेवणं झाल्यावर चुलतभाऊ मिलिंदने मला अंगणात बाजूला घेतलं. तिरडीला पुढे उजवा खांदा मोठ्या भावाने द्यायचा, तो माझ्याऐवजी त्याने दिला होता. म्हणाला, "दादा, कोणाला सांगू नको. बाकीचे तिघं वाकून गेले होते, पण माझ्याकडे वजनच नव्हतं. बांबू खांद्यावर टेकला आहे की नाही, मी दोनदा मान वळवून पाहिलं." आईच्या वळाचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी आई गेली. यावेळी पुढे उजवा खांदा मी दिला. वाटेत खांदा बदलायला माणसं पुढे आली, मी बदलू दिला नाही. घरी येऊन आंघोळीआधी शर्ट काढून आरशासमोर उभा राहिलो.

काही नव्हतं. साधी लालीसुद्धा नाही. दाबून पाहिलं, दुखतही नव्हतं.

याचा अर्थ काय लावायचा, मला आजही कळत नाही. तुमच्यापैकी कोणाला कळला तर लिहा. फक्त पट्टा काचला असेल, असं लिहू नका... ते मी स्वतःला रोज सांगून पाहतो.